४५ अंशांत घरातल्या सगळ्यांचं खाणं-पिणं कसं सांभाळता?

पळसफूल (समुद्रपूर तालुका, वर्धा) | रविवार, रात्री ९.१५

लिहिणं जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

आमचं एकत्र घर. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि चार लेकरं, अशी दहा माणसं. मागच्या गुरुवारी कुरड्यांचा घाट होता. तीन दिवस भिजवलेला गहू आदल्या दिवशी वाटून चीक गाळून ठेवला होता. पहाटे चारला चूल पेटली आणि चीक घोटायला जाऊ बसली. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, चीक घट्ट होत गेला की चाटूला दोन्ही हातांचा जोर लागतो आणि चुलीपुढून उठता येत नाही, लगेच गाठी होतात. आठला कुरड्या गच्चीवर पडल्या. तिथून ती सरळ भाकरी करायला बसली. आमचं स्वयंपाकघर टिनाचं आहे.

अकराच्या सुमारास फुलपात्र पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले. ती भिंतीला टेकून खाली बसलेली, पोटऱ्यांत गोळे आलेले, तोंडाला कोरड, बोलणं तुटक. आरोग्य केंद्रात नेलं, दोन सलाईन लागल्या. आता बरी आहे.

रात्री झोप येईना. सकाळी गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, ताक केलं होतं. सासऱ्यांना दिलं, दिराला शेतात नेऊन दिलं, लेकरांनी दोन-दोनदा घेतलं, मी घेतलं, गच्चीवर कुरड्या टाकायला आलेल्या शेजारच्या दोघींना दिलं. तो गंज जावेनं घासला. त्यातलं ताक तिच्या पोटात गेलंच नाही. पहाटेपासून तिनं अर्धा कप चहा घेतला होता. दहा जणांच्या घरात हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

आता नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) यायच्या आत घरची पद्धत बदलायची आहे. लेकरं वरण-भाकर बघून तोंड फिरवतात, दिवसभर रंगीत पेप्सी (प्लास्टिकच्या नळीतला गोड बर्फ) आणि कुल्फी मागतात. सासऱ्यांना शुगर आणि बीपी दोन्ही. सासूबाईंना चावायला त्रास. तुमच्या घरी काय करता ते सविस्तर सांगा.

---

मुगवडी (दारव्हा) | रविवार, रात्री ९.५०

माय, वाचून जीव गलबलला. जावेले आठ दिवस चुलीपुढं बसू देऊ नोको.

आमच्या येळेस फ्रीज नोयता, पन आंबील होती. मी अजूनबी करतो. रात्री वाटीभर जवारीचं पीठ दोन वाट्या आंबट ताकात कालवून ठेवाचं. मातीच्या नाईतं स्टीलच्या भांड्यात ठेव, बिनकल्हईच्या पितयेत नोको. सकाऊन पाच-सहा वाट्या पानी उकयाले ठेव, मीठ टाक, मंग ते पीठ हयूहयू सोडत हालवत राय. गाठी होऊ देऊ नोको. धा मिनिटं शिजली का उतरव. गार झाली का ठेचलेला लसून, जिरं, सांबार म्हंजे कोथिंबीर, बारीक कांदा. घट्ट वाटली तं वरून ताक घाल. सासूले दात नसले तरी चालते, लेकराले बी चालते, शेतात न्यायले बी चालते.

अन ऐक. अक्षयतृतीयेले आपन पितराईच्या नावानं घागर भरतो, पन्हं ठेवतो, चिंचोनी ठेवतो. गेलेल्याईले पानी पोचावं म्हनून एवढं करतो. मंग चुलीपुढं बसलेल्या जित्या बाईले पह्यला गडवा काहून देत नाई आपन? माह्या सासूनं मले कदी देला नाई. मी माह्या सुनेले देतो.

---

माहेर_वर्धा (सध्या पुणे) | रविवार, रात्री १०.२०

काकू, तुमची शेवटची ओळ दोनदा वाचली.

इथे पुण्यात आंबील पाकिटात मिळते, पण तिला आईच्या हातची चव नाही. पळसफूलताई, लेकरांना डांगर द्या ना. इथल्या मैत्रिणीला मी म्हटलं की आम्ही उन्हाळ्यात रोज डांगर खायचो, तर ती म्हणाली, भोपळा? रोज? मग सांगावं लागलं की आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज, नदीच्या रेतीतलं.

---

वैनगंगाकाठ (भंडारा) | सोमवार, सकाळी ६.४०

निवृत्त शिक्षिका आहे. आमच्याकडे नदीचं पात्र उघडं पडलं की रेतीत डांगराच्या वाड्या लागतात. सकाळी वाडीवरून आणलेलं डांगर आणि बाजारात चार दिवस पडलेलं डांगर, दोन्हींत फार फरक असतो. एक गोष्ट मात्र पाळा. टरबूज असो की डांगर, कापायच्या आधी वरून घासून धुवा. सालीवर माती, शेणखत असतं आणि सुरीबरोबर तेच आत जातं. रस्त्यावर कापून ठेवलेल्या फोडी लेकरांना देऊ नका.

वरण-भाकर लेकरं दुपारी खाणार नाहीत, त्यांचं चुकतंही नाही. ४५ अंशांत मोठ्या माणसालाही गरम वरण जात नाही. मुख्य जेवण दुपारी एकला असतं, ते सकाळी साडेनऊ-दहाला आणा. आमच्याकडे धानाच्या पट्ट्यात जुनी माणसं तेच करायची. सकाळी पोटभर भात-वरण-भाजी. दुपारी पेज नाहीतर ताक-भात आणि कांदा. चारला फळ किंवा मूठभर फुटाणे-गूळ. रात्री पुन्हा नीट जेवण. अंगाला लागणारं अन्न सकाळी आणि रात्री द्यायचं, दुपारी पातळ.

भाज्यांत घोळ आणा. उन्हाळ्यात कुठेही ओल असली की उगवते, मुगाच्या डाळीत फार छान लागते. आंबटसर असते, लेकरं खातात. मुतखडा असलेल्यांनी मात्र घोळ-पालक बेतानं खावं, त्यांत ऑक्झलेट जास्त असतं.

---

तुरीचा_दाणा (दर्यापूर) | सोमवार, सकाळी ८.०५

ताई, तुमच्या घरी पाणी गोड असेल. आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. विहीर-बोअरचं पाणी खारट, डाळ शिजता शिजत नाही, चहा फाटतो. इथं पाहुणा आला की आधी विचारतो, पाणी कुठलं आहे? पिण्याचं पाणी नळाचं आलं तर ठीक, नाहीतर जार विकत.

आमच्याकडे जो तो उन्हाळ्यात ताकात मीठ, पन्ह्यात मीठ, सरबतात मीठ घालतो, आणि पाणीही खारं. वडिलांचं बीपी मागच्या उन्हाळ्यात फार वाढलं तेव्हा डॉक्टरांनी पाणी कोणतं पिता ते विचारलं. तेव्हापासून ताकात जिरं-सांबार आहे, मीठ नाही. पाणी उकळलं की क्षार जातील असं अजून लोकांना वाटतं. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटतं तसं उलट जास्त खारं होतं.

बाकी बायकांच्या पाण्याबद्दल एक म्हणतो, राग मानू नका. आमच्या घरी कोणी कोणाला अडवत नाही. माठ भरलेला असतो. बायका स्वतःच घेत नाहीत.

---

नर्सताई (यवतमाळ जिल्हा) | सोमवार, दुपारी २.३०

दुपारची ओपीडी आत्ता संपली. आज ऊन लागलेले सात आले, त्यांत पाच बायका.

तुरीचा_दाणा भाऊ, राग नाही, पण उत्तर देते. त्या पाचांपैकी तिघी मजुरीवर होत्या. सकाळी सहा ते अकरा पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायचं काम. पाणी किती प्यायलात विचारलं तर एक म्हणाली, "प्यायलं तर जावं लागते, अन वावरात जायचं कुठं?" पऱ्हाटी उपटलेलं वावर सपाट असतं. आडोसा नसतो, पलीकडे गडी काम करत असतात. म्हणून बायका आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करतात. त्यातून लघवीची जळजळ, इन्फेक्शन, मुतखडा, आणि उन्हाळ्यात चक्कर. माठ भरलेला असून पीत नाहीत, कारण प्यायल्यावर जायला जागा नसते. घरातही तेच असतं. सगळे बाजूला झाल्याशिवाय मोरीकडे जायला संकोच वाटतो.

आता पळसफूलताईंसाठी नीट लिहिते.

उन्हात किंवा चुलीपुढे घाम गाळणाऱ्या माणसानं तहान लागायची वाट पाहायची नाही. दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास पाणी. पण तासाला दीड लिटरच्या वर नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही घातक. घाम फार असेल तर मधे ताक, आंबील, पन्हं. लघवी फिकट पिवळी असली तर पाणी पुरतंय, गडद असली तर कमी पडतंय. घरातल्या प्रत्येक बाईला हे सांगा, कारण ते फक्त तिलाच दिसतं.

जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस. आशाताईकडे, उपकेंद्रात फुकट मिळतं. एक लिटरचं पाकीट असेल तर एक लिटरच पाणी, अर्ध्या ग्लासात थोडं-थोडं टाकायचं नाही. प्रमाण बिघडलं की उपयोग जातो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांत संपवा, उरलं ते फेका. आणि दुकानात मिळणारी फळांची गोड डब्बी म्हणजे ओआरएस नाही. अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्यांत साखर भरपूर असते, जुलाबात ती आणखी त्रास देते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. फक्त आईचं दूध, वारंवार. उलट बाळाच्या आईला पाणी वाढवा. आमच्याकडे आजी बाळाला चमच्यानं साखरपाणी पाजते आणि आईला म्हणते, थंड पिऊ नको, बाळाला सर्दी होईल. दोन्ही चुकीचं.

माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपली, अंग तापलेलं, तर तोंडातून काहीही घालू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्यानं पुसत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. हा उष्माघात आहे. घरी आंबील पाजत बसू नका.

---

तुरीचा_दाणा | सोमवार, रात्री ८.४५

सिस्टर, हे मला माहीत नव्हतं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, इतक्या वर्षांत आत्ता विचारलं.

उद्या विहिरीजवळच्या कोपऱ्यात चार बल्ल्या रोवून हिरवी नेट लावतो. रोपवाटिकेची जुनी पडलेली आहे.

---

रानवाट (गडचिरोली) | सोमवार, रात्री ९.३०

इथं एप्रिल-मेमध्ये मोहफुलं संपत येतात आणि तेंदूपत्ता सुरू होतो. पहाटे निघालेली माणसं पानं तोडून, घरी पुडे बांधत दुपार करतात. सोबत तुंब्यात पेज नाहीतर आंबील असते. दुधी-भोपळ्याच्या जातीचं वाळवलेलं फळ, त्याचा तुंबा. आत पेज दुपारपर्यंत गार राहते. आता तुंबे कमी झाले, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या आल्या. प्लास्टिक बाटलीतली पेज उन्हात दोन तासांत फसफसते.

मी शिक्षक आहे. बाकी महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे आणखी काही दिवस थांबावं लागतं. म्हणजे पोरं दोन महिने घरी. रानातली पोरं चाराची फळं, टेंभरं (तेंदूची फळं), खिरण्या खातात. टेंभराचा गर गोड, बिया थुंकायच्या. चाराची फळं जांभळी, ती चोखून आतली बी ठेवून द्यायची, ती फोडली की आत चारोळी. ज्यांच्या घरी अजून कोणी रानात जातं त्यांनी पोरांना सोबत पाठवावं, पण सकाळी. रंगीत पेप्सीशी लढायला हीच फळं कामाची आहेत. पोरांना फुकट मिळणारी आणि स्वतः तोडलेली गोष्ट विकतच्या गोष्टीपेक्षा प्यारी असते, हे वर्गात रोज बघतो.

---

माहेर_वर्धा | सोमवार, रात्री १०.१०

रानवाट सर, टेंभरं! वीस वर्षं झाली खाऊन.

बर्फगोळ्याचं कोणी बोललं नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून खायचा नसलेला, कारखान्याचा बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आहे. गोळेवाल्याचा, रसवंतीचा बर्फ निळा दिसला तर तो खायचा बर्फ नाही. आणि पांढरा दिसला म्हणून पाणी चांगलंच असेल असंही नाही. उसाचा रस प्यायचा तर बिनबर्फाचा, डोळ्यांसमोर काढलेला.

---

पळसफूल | मंगळवार, पहाटे ५.२०

सगळ्यांचे आभार. चूल पेटवायच्या आधी लिहितेय.

काल रात्री सासूबाईंना हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. मुगवडीकाकूंचं पितरांचं आलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग उठून माठातून गडवा भरला आणि जावेजवळ नेऊन ठेवला. काही बोलल्या नाहीत.

दोन गोष्टी राहिल्यात. सासऱ्यांना काय द्यायचं? त्यांना पन्हं फार आवडतं. आणि अंडी उन्हाळ्यात बंदच करावीत का? लेकरांना दुसरं काही जात नाही, पण गावात सगळे म्हणतात अंडं उष्ण.

---

नर्सताई | मंगळवार, दुपारी १.५०

अंडं बंद करायचं काही कारण नाही. उन्हाळ्यात लेकरांचं वजन उतरतं ते पोटात डाळ-अंडं-दूध जात नाही म्हणूनच. पूर्ण उकडलेलं, ताजं, सकाळच्या जेवणात द्या. फुटलेलं, दुकानात उन्हात ठेवलेलं घेऊ नका. अंडं न खाणाऱ्यांनी मोड आलेल्या मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी ताकात कालवून, फुटाणे द्यावेत. या दिवसांत मोड एका रात्रीत येतात, जास्त ठेवलं की चिकट होऊन वास येतो, तेव्हा खाऊ नये.

सासऱ्यांना पन्हं गूळ-साखर न घालता करा. उकडलेल्या कैरीचा गर, भाजलेलं जिरं, पुदिना, पाणी. कैरीतच आंबटपणा आहे, मीठ चिमटीभरही पुरतं. आंबा खायचा तर जेवणानंतर वाटीभर रस नको, एखादी फोड, आणि त्या वेळची पोळी कमी. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्यांच्या गोळ्यांत तशी आहे का आणि उन्हाळ्यात डोस बदलायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी पाणी किती प्यायचं हेही डॉक्टरच सांगतील. सगळ्यांना एकच हिशेब लागू होत नाही.

---

वैनगंगाकाठ | मंगळवार, सायंकाळी ५.१५

आंब्यावरून आठवलं. बाजारात लवकर आलेला, बाहेरून पिवळा जर्द आणि आत कच्चा आंबा घेऊ नका. कॅल्शियम कार्बाईडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी होतं. गावरान रसाचे आंबे अजून घरोघरी आढीत पिकतात, थोडं थांबा. खायच्या आधी दोन तास पाण्यात टाका, देठाचा चीक निघून जातो.

आणि शिळ्या अन्नाचं. नात्यातल्या एका लग्नात मागच्या मे महिन्यात सकाळी दहाला शिजलेलं जेवण दुपारी तीनला वाढलं. मंडपात पत्र्याखाली पातेली होती. रात्री माझ्यासकट अनेक जण आजारी. या उन्हात शिजलेलं अन्न बाहेर तासाभराच्या वर ठेवू नये, विशेषतः भात, दुधाचे पदार्थ, खोबऱ्याच्या चटण्या. वीज जाते, फ्रीजवर भरवसा नाही, म्हणून थोडंच शिजवायचं आणि संपवायचं. लग्नाची पंगत उशिरा असेल तर मी आता घरून जेवून जाते आणि तिथं मठ्ठाही घेत नाही, कारण त्यात कुठला बर्फ आहे ते दिसत नाही. यजमानाला वाईट वाटतं, पण मी सांगते.

---

तुरीचा_दाणा | बुधवार, दुपारी १२.१०

नेट लागली. पहिल्या दिवशी कोणी गेलं नाही. आज बायको आधी गेली, मग मजुरीला आलेल्या तिघी. सकाळी दोन कॅन पाणी नेलं होतं, दहाच्या आत संपलं. आजपर्यंत एक कॅन अकरालाही उरायचा.

कॅनवर ओलं गोणपाट बांधलं तर पाणी गार राहतं, हे ज्यांना शेतात माठ नेता येत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून पाणी उडून गारवा येतो. पहिला पाऊस झाला, हवा दमट झाली की माठही तितका गार करत नाही.

---

रानवाट | बुधवार, रात्री ९.००

भाऊ, हे आमच्या शाळेच्या पालकसभेत सांगणार आहे. तुमचं नाव-गाव न घेता.

---

मुगवडी | बुधवार, रात्री ९.२५

दाण्या, चांगलं केलं बाप्पा.

माठाचं एक सांगतो. हात घालून पानी काढू नोको. तोटीचा माठ घे, नाईतं लांब दांड्याचा गडवा ठेव. तीन-चार दिवसानं माठ रिकामा करून आतून काथ्यानं घासाचा, साबन लावाचा नाई, साबनानं मातीचे छेद बुजतात अन पान्याले वास मारते. बुडाशी ओली रेती ठेव.

पळसफूल, जाऊ कशी हाये?

---

पळसफूल | शनिवार, रात्री ८.४०

काकू, जाऊ बरी आहे. उशीर झाला, कारण तीन दिवस आम्ही नवी पद्धत करून बघत होतो. जे झालं ते सांगते.

पहाटे साडेचारला दोघी मिळून चूल लावतो. साडेसातला स्वयंपाक संपतो आणि चूल विझते, ती संध्याकाळी साडेसहानंतरच पेटते. मधे कोणाला चहा लागला तर सपरीत गॅसची शेगडी आहे, ज्याला हवा तो करून घेतो. पहिल्या दिवशी सासरे रागावले. दुसऱ्या दिवशी दीर चहा करायला उठले, सासरे बघत राहिले.

पावणेदहाला सगळे जेवतो. ज्वारीची भाकर, घोळ घातलेलं मुगाचं वरण, कांदा, कैरीचा ठेचा. लेकरांना अंडं. आधी पुरुषांची पंगत आणि मग बायका, ही पद्धत मोडली. दहा माणसं एकदम बसली तर वाढणार कोण, असं सासूबाई म्हणाल्या. सगळं मधे ठेवलं, ज्यानं त्यानं घेतलं. कमी पडलं ते कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी चार भाकरी जास्त केल्या. आजवर कमी पडायचं ते कोणाला कळत नव्हतं, कारण ते आम्हा दोघींच्या ताटात कमी पडायचं.

दुपारी आंबील. मोठ्या लेकरानं पहिल्या दिवशी नाक मुरडलं. मी त्यात कैरीचा बारीक कीस आणि भाजलेले शेंगदाणे टाकले, मग प्यायला. धाकटीला ती ग्लासात नको, वाटीत चमच्यानं हवी. पेप्सी पूर्ण बंद झाली नाही, आठवड्यातून एकदा ठरली आहे. डांगर रोज एक येतं.

चुलीजवळ एक तांब्याचा गडवा ठेवलाय. स्वयंपाक संपेपर्यंत जी बसली असेल तिनं तो दोनदा रिकामा करायचा. भरून द्यायचं काम धाकटीचं, ती सात वर्षांची आहे. ती खरंच मोजते. काल मी एकदाच प्यायले होते तर तिनं भाकरी थापता थापता माझ्या तोंडाला गडवा लावला.

काकू, एक अडचण आहे. दोनदा माझी आंबील फुटली. वर पाणी, खाली चोथा. काय चुकतंय?

---

मुगवडी | शनिवार, रात्री ९.०५

वरचं ताक तू चुलीवर असतानाच टाकून राहिली असशील. उतरव, पुरी गार होऊ दे, मंग ताक घाल. गरम आंबिलीत ताक फाटतेच.